मुक्ताला आपत्ती व्यवस्थापनात यायचंय, म्हणून

कोल्हापूर,
एप्रिलचा दुसरा आठवडा

प्रिय वैशाली,

मुक्ताला माझ्या कामात यायचंय हे तुझ्या पत्रात वाचलं आणि खरंच खूप बरं वाटलं. तू विचारलं आहेस, तिच्यात तेवढी धडाडी आहे का. धडाडीचं नंतर बघू. आधी तिला हे विचार, की रणरणत्या उन्हात गावोगाव हिंडून तीच तीच माहिती पुन्हा तपासायचा तिला कंटाळा येईल का? टीव्हीवर दिसतं ते ऑगस्टमधलं काम, बोटी आणि लाईफ जॅकेटवाली माणसं. त्या ऑगस्टचा निकाल मार्च ते मे या महिन्यांतच लागलेला असतो, हे मी इथं बसून दरवर्षी बघते.

२०१९ चा महापूर आठव. नदीकाठच्या घरोघरी एकच वाक्य ऐकू येत होतं, "२००५ ला पाणी या पायरीला लागलं होतं, त्याच्या वर काय जात नाही." सांगलीत आयर्विन पुलापाशी २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं, २०१९ ला ते ५७ ओलांडून गेलं. इथं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वर्षी पाणी ५५ च्याही वर चढलं. पायरीवर विश्वास ठेवून बसलेली माणसं माडीवर अडकली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, बायका-पोरं बुडाली. ती बातमी आली तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की आहे. पाणी अजून शेतात आहे, दारात आलेलं नाही, तेव्हाच माणसाला घरातून उठवता आलं पाहिजे. या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं कौशल्य हेच, आणि ते कुठल्याही पदविकेत पुरतं शिकवता येत नाही.

माणूस का उठत नाही, हे मुक्ताला समजून घ्यावं लागेल. बहुतेक वेळा कारण गोठ्यात असतं. दोन म्हशींवर ज्याचं घर चालतं त्याला "जीव वाचवा, चला" म्हणून काही होत नाही. म्हशी कुठं बांधायच्या, वैरण कोण देणार, छावणीतून दूध डेअरीला कसं जाणार, एवढं सांगता आलं तर तो स्वतःच दावं सोडतो. दुसरीकडं एखादी म्हातारी अंथरुणाला खिळलेली असते, सुनेचे दिवस भरत आलेले असतात, कुणाचं आठवड्याला डायलिसिस असतं. या याद्या आशाताईंकडून मे महिन्यातच घ्यायच्या असतात. चिखली-आंबेवाडीत पाणी आधी शिरतं, तिथं कुठल्या गल्लीत कुणाला आधी हलवायचं हे कोतवाल आणि पोलीस पाटील यांना तोंडपाठ असतं. त्यांनी रात्री दोनला फोन उचलावा, आणि समोरून आपलं नाव ऐकून कामाला लागावं, एवढी ओळख उन्हाळ्यात जोडावी लागते.

आकडे मात्र तिला वाचता आलेच पाहिजेत. भूगोल झालाय म्हणतेस, म्हणजे नकाशाची भीती नसणार. पण ११,५७४ क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, एक दिवस पाणी वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट होतं, असा हिशेब डोक्यात चालला पाहिजे. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. म्हणून दरवाजा उघडायच्या आधीच भोगावतीकाठच्या गावांना निरोप गेलेला हवा. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच फुगलेली असली तर आपलं पाणी उतरायचं नाव घेत नाही. त्यामुळं वरच्या कोयना धरणाचा विसर्ग, म्हणजे तिथून सोडलेलं पाणी, आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग, दोन्हींवर डोळा ठेवावा लागतो. मग हे सगळं शिरोळच्या शेतकऱ्याला कळेल अशा दोन ओळींत लिहायचं. "विसर्गात वाढ होण्याची शक्यता" वाचून कोण हलेल? "उद्या सकाळपर्यंत गावचा रस्ता पाण्याखाली जाईल, जनावरं आज संध्याकाळी हलवा," असं लिहिता आलं पाहिजे. चांगलं, सरळ मराठी लिहिणं हे या कामातलं हत्यार आहे, असं मी मनापासून मानते.

आणखी एक तिला आधीच सांगून ठेव. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. साधनं ताब्यात घेण्याचे, रस्ते बंद करण्याचे अधिकार तिकडे. आमच्यासारख्यांच्या हातात स्वतःचा असा हुकूम फारसा नसतो. पाटबंधारे, महावितरण, आरोग्य, एसटी, पोलीस, प्रत्येकाकडून काम करवून घ्यायचं ते विनवून, पाठपुरावा करून, आणि गरज पडली तर ठाम आवाजात. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे, ते येतात आणि जिवावर उदार होऊन काम करतात. पण शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला की कोल्हापूर तुटतं, २०१९ आणि २०२१ दोन्हींना तुटलं. मग पंपावर रुग्णवाहिकेसाठी डिझेल राखून ठेवलंय का, दवाखान्यात ऑक्सिजन किती आहे, याची उत्तरं इथल्याच माणसाकडं असावी लागतात. पहिले तास आपदा मित्रांचे, म्हणजे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक स्वयंसेवकांचे, आणि गावातल्या पोहणाऱ्या पोरांचे.

शिक्षणाचं म्हणशील तर मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये या विषयात एमए करता येतं, इग्नूचीही पदविका आहे, पुण्यात यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणं चालतात. जे जमेल ते तिनं करावं. नोकरी मात्र बऱ्याच ठिकाणी कंत्राटी असते, पगार कामाच्या मानानं कमी, हे तुझ्यापासून कशाला लपवू? जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी नाही. नागपंचमीला माहेरी जाणं मी केव्हाच सोडलं. पाणी ओसरल्यावरही सुटका नसते. पंचनामे, विहिरींचं क्लोरिन, मेलेली जनावरं, आणि चिखलानं भरलेल्या घरातून आपल्यावर ओरडणारी माणसं. त्यांचं ओरडणं उभं राहून ऐकून घ्यावं लागतं, त्यांचं सगळं गेलेलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच दारात पुन्हा जायचं असतं. दोन वर्षांत बदली शोधणाऱ्याला हे जमत नाही. एका नदीपाशी बरीच वर्षं राहायची तयारी असेल तर मुक्तानं जरूर यावं. अशा मुलींची फार गरज आहे गं.

मेमध्ये तिला माझ्याकडं पाठव. मान्सूनपूर्व बैठका आणि बोटींच्या चाचण्या तेव्हाच असतात. शिरोळच्या दोन-तीन गावांत तिला घेऊन जाईन, तलाठ्यांशी बोलून ठेवते. उन्हात बरंच चालावं लागेल, तेव्हा टोपी आणि चांगले बूट असू देत. राहायचं माझ्याकडंच, वेगळी खोली बघायची नाही. गाडी कुठली, ते कळव.

तुझी,
सुनंदा