बाळ गेल्यावरची मीटिंग

मेलबर्न

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "गेलेलं बाळ परत येणार आहे का? मग डॉक्टर-नर्सनी बसून तेच पुन्हा उकरायचं कशाला?" ड्युटीला निघायची घाई होती, फोनवर नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे. आईला यातलं निम्मं माहीतच आहे.

आई, तुमच्या रुग्णालयात गरोदरपणात-बाळंतपणात बाई गेली की माता मृत्यू अन्वेषण, म्हणजे ती का गेली याची चौकशी, असायची, तसंच इथे गेलेल्या प्रत्येक बाळाचं करायचं असतं. गरोदरपणाचे निदान वीस आठवडे झालेलं किंवा 400 ग्रॅम वजनाचं बाळ पोटातच गेलं तर तो उपजत मृत्यू, आणि जन्मल्यावर 28 दिवसांच्या आत गेलं तर नवजात मृत्यू. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पेरिनेटल सोसायटीने (बाळंतपणाच्या आगेमागे बाळ-बाळंतिणीची काळजी घेणाऱ्यांची संस्था) त्यासाठी मार्गदर्शक सूचना केल्या आहेत. पण सूचना कपाटात असणं वेगळं आणि रात्री तीन वाजता लेबर रूममध्ये त्या पाळल्या जाणं वेगळं.

कारण मीटिंग कितीही चांगली झाली तरी तिच्या हातात येतं ते पहिल्या काही तासांत जमा केलेलंच. वार (प्लासेंटा) फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे टिकवायच्या औषधात, न टाकता ताजीच पॅथॉलॉजीकडे पाठवायची. बाळाला नखशिखांत तपासायचं, फोटो काढायचे, बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं होतं का ते बघायला आईचं रक्त घ्यायचं. वार चुकून कचऱ्यात गेली तर ती परत मिळत नाही, आणि मग कागदावर "कारण अज्ञात" असं येतं. ते दोन शब्द त्या बाईला आयुष्यभर पुरतात. "मीच काहीतरी चुकीचं खाल्लं असेल, मीच जड उचललं असेल," असं ती स्वतःलाच खात राहते.

पोस्टमॉर्टेमचं विचारणं सगळ्यांत अवघड. ते सगळ्या आई-वडिलांना विचारायचंच, आणि अनुभवी माणसाने, शांतपणे बसून विचारायचं. नको म्हणाले तर नुसती बाहेरून तपासणी, एक्स-रे किंवा एमआरआय, एवढ्यावरही थांबता येतं. घाईत उभ्याउभ्या विचारलं की लोक नाहीच म्हणतात, आणि मला त्यांचं काही चुकतं असं वाटत नाही.

मग मीटिंग. प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि आम्ही मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या. बाळ कशाने गेलं हे ठरवायचं, आणि आपल्या देखभालीत काय कमी पडलं, त्याने फरक पडला असता का, हेही. कोणाला धारेवर धरायला आम्ही बसत नाही. आई-वडिलांना आधी सांगायचं असतं की अशी मीटिंग आहे, तुम्हाला काय विचारायचंय? माझ्या मते सगळ्यांत मोलाचं हेच, आणि गडबडीत राहून जातं तेही हेच. मागे एका बाईने विचारलं होतं, "बाळाची हालचाल कमी वाटली म्हणून मी फोन केला होता, तो कुठे लिहून ठेवलाय का?" केस पेपर चाळताना आम्ही कोणीच तिथे थांबलो नसतो. तिच्या प्रश्नामुळे थांबलो.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. या श्रीमंत देशातही रोज सरासरी सहा बाळं मृत जन्मतात. हालचाल मंदावली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, गरोदरपणाच्या 28 आठवड्यांनंतर कुशीवर झोपा, हे आज आम्ही प्रत्येकीला सांगतो ते अशा गेलेल्या बाळांचा बारकाईने अभ्यास झाला म्हणून. आपल्याकडेही 2014 पासून बालमृत्यू अन्वेषणाच्या सूचना आहेतच.

आई, आता तुझ्याकडे एक काम. इथे स्टाफसाठी शिबिर असतं, त्यात आई-वडिलांशी कसं बोलायचं हा भाग या वेळी माझ्याकडे आहे. तुझ्या ग्रामीण रुग्णालयात सासू "तिला दाखवू नका" म्हणायची आणि तू बाळाला स्वच्छ पुसून, दुपट्यात गुंडाळून बाळंतिणीलाच विचारायचीस, "बघायचंय का गं?" ते मला आठवतं, तू घरी येऊन बाबांना सांगायचीस. तेव्हा सासूला तू काय म्हणायचीस, बाळंतीणच "नको" म्हणाली तर काय करायचीस, सगळं मला हवंय. बाबा, ती सांगेल तसं तुम्ही लिहून घ्या आणि कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका. रविवारच्या आत मिळालं तर बरं, सोमवारी मला बोलायचंय.

तुमची,
लेक