मधल्या दोन तासांची नोंद कुणाच्या वहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या यजमानांना पहाटे हार्ट अटॅक आला. वय ६४, शुगर नाही, बीपीची एक गोळी. ते वाचले. पण टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय, आणि जिन्याच्या वळणावर आम्ही एक प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवली आहे. माझा भाचा स्वीडनमध्ये गोथेनबर्गला नोकरी करतो. तो फोनवर म्हणाला, “मावशी, काका इथे असते तर एवढं हृदय गेलं नसतं.” तो प्रेमापोटी बोलला, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा तपासणी विभागात. कागद जुळवणं हेच माझं काम. म्हणून फाइल काढली आणि सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं.

५.१० ला छातीत जळजळ सुरू झाली. रात्री भरीत-भाकरी झाली होती, म्हणून पित्त समजून मी ओवा-सैंधव दिलं. डावा हात जड पडला, कपाळावर घाम डवरला, तेव्हा उठलो. तो उशीर आमचा, आणि त्याचा दोष मी माझ्याकडेच घेते. घराजवळच्या रुग्णालयात ६.१५ ला पोहोचलो. ईसीजीच्या पट्टीवर वेळ छापली आहे ६.३२. पट्टी बघून ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, “मेजर अटॅक आहे. आमच्याकडे कॅथलॅब नाही, पेशंट हलवा.” कॅथलॅब म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली. कॅज्युअल्टीचं बिल भरून आणि ॲम्ब्युलन्स येऊन निघायला ७.४० झाले. सिंहगड रस्त्यावरून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ८.२२ ला. डिपॉझिटची पावती ८.३५ ची. अँजिओप्लास्टीच्या सीडीत प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात वेळ असते. बंद शीर उघडणारा फुगा फुगवला ९.२८ ला.

दुसऱ्या रुग्णालयाने दारातून आत घेतल्यापासून ६६ मिनिटांत शीर उघडली. यासाठी ९० मिनिटांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते, म्हणजे त्यांचं काम चोख झालं. त्या टीमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण पहिल्या दारापासून मोजलं तर १९३ मिनिटं होतात. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दहा मिनिटांत द्यावं. त्याला कॅथलॅब लागत नाही. आमची निदानापासून १७६ मिनिटं गेली आणि इंजेक्शनचं नावही कुणी काढलं नाही. काही रुग्णांना ते देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तसं कारण पहिल्या रुग्णालयाच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. कागदावर एकच शब्द आहे, ‘रेफर्ड’.

बँकेत एका शाखेने पैसे पाठवले आणि दुसरीने जमा करून घेतले नाहीत, की ती नोंद आंतरशाखा खात्यात लोंबकळत राहायची. दोन्ही शाखांच्या वह्या आपापल्या जागी बरोबर, आणि पैसे कुठेच नाहीत. तपासणीत आम्ही आधी हेच खातं उघडायचो. माझ्या यजमानांचं तसंच झालं. पहिल्या रुग्णालयाच्या हिशेबी पेशंट जिवंत बाहेर गेला. दुसऱ्याचं घड्याळ ८.२२ ला सुरू झालं. राजाराम पुलाजवळ आम्ही अडकलो होतो तेव्हा काही बरंवाईट झालं असतं, तर तो मृत्यू दोघांच्याही वहीत चढला नसता.

मग स्वीडनचं खरं काय ते वाचायला घेतलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली स्वीडन आणि ब्रिटनची तुलना आली होती. २००४ ते २०१० या काळात हार्ट अटॅकने दाखल झालेल्यांपैकी ३० दिवसांच्या आत स्वीडनमध्ये ७.६ टक्के दगावले, ब्रिटनमध्ये १०.५ टक्के. ब्रिटिश रुग्णांना स्वीडनसारखी शुश्रूषा मिळाली असती तर त्या काळातले ११,२६३ मृत्यू टळले किंवा लांबले असते, असा हिशेब संशोधकांनी मांडला. आधी इंजेक्शन न देता थेट अँजिओप्लास्टी स्वीडनमध्ये मोठ्या अटॅकच्या ५९ टक्के रुग्णांची झाली होती, ब्रिटनमध्ये २२ टक्के. दोन्ही देशांत उत्तम डॉक्टर आणि सरकारी आरोग्यसेवा. फरक होता तो चांगली पद्धत किती लवकर सगळीकडे पोहोचली याचा. ब्रिटनमध्ये ती पसरत गेली तसा हा फरक वर्षागणिक कमीही झाला. आणि हे कळलं कशामुळे? दोन्हीकडे हार्ट अटॅकची देशव्यापी नोंदवही आहे म्हणून. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाला एकच क्रमांक असतो, त्यामुळे पेशंट तीन रुग्णालयं फिरला तरी तिसाव्या दिवशी तो हयात आहे का हे नोंदवहीला कळतं. रुग्णालयांचे निकाल नावानिशी छापले जातात.

आपल्याकडचा मोठा आकडा हृदयरुग्णांच्या ‘क्रिएट’ नावाच्या नोंदणीचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला: ५० शहरांतले २०,४६८ रुग्ण. मोठ्या अटॅकनंतर ३० दिवसांतले मृत्यू ८.६ टक्के. हा आकडा ब्रिटनच्या १०.५ शेजारी ठेवून मी क्षणभर हरखले. भारत पुढे? मग खालची ओळ वाचली. आपल्या रुग्णांचं सरासरी वय होतं ५७.५, तिकडचे रुग्ण सत्तरीच्या आसपासचे. शिवाय आपल्या निम्म्या रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. त्या सहा तासांत जे घरी गेले, रिक्षात गेले, ते या टक्केवारीत नाहीतच. दारापर्यंत जिवंत पोहोचलेल्यांचाच तो हिशेब. याच अभ्यासात श्रीमंत रुग्णांतले मृत्यू ५.५ टक्के आणि गरिबांतले ८.२ टक्के निघाले, आणि दिलेल्या उपचारांचा फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत उरली नाही. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते. आमच्याकडे मेडिक्लेम होता, डिपॉझिट भरायला कार्ड होतं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांकडे दोन्ही नाही.

तेव्हा भाच्याच्या त्या वाक्याचं उत्तर मला देशांच्या तुलनेत मिळत नाही. मला पुण्यातली दोन रुग्णालयं शेजारी ठेवून बघायची आहेत आणि तो आकडाच उपलब्ध नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या, म्हणजे शिरेत बसवायच्या जाळीच्या, किमतीवर मर्यादा आणली. हे लढून मिळालेलं आहे आणि मी त्याचा आदर करते. पण बेडचं भाडं कळतं, स्टेंटची किंमत कळते, आणि या दारातून आत गेलेला माणूस महिन्याने हयात असतो का, ते कळत नाही.

डॉक्टर मंडळी म्हणतील, आकडे छापले तर रुग्णालयं अवघड पेशंट घेणार नाहीत. ही भीती खोटी नाही. न्यूयॉर्क राज्यात रुग्णालयनिहाय मृत्यूदर अनेक वर्षं छापले जातात. तिथे रक्तदाब कोसळलेल्या अत्यवस्थ रुग्णांची अँजिओप्लास्टी करायला डॉक्टर कचरू लागले, तेव्हा २००६ पासून असे रुग्ण त्या प्रसिद्ध होणाऱ्या हिशेबातून बाजूला काढले गेले. म्हणजे मोजण्याची रीत सुधारता येते. वय, आल्यावेळची अवस्था, मधुमेह, हे सगळं धरूनच तुलना व्हावी. नुसती टक्केवारी फलकावर लावायला माझाही विरोध आहे.

महापालिकेच्या आरोग्य खात्याला माझी विनंती एवढीच आहे. नोंदणीच्या नूतनीकरणावेळी प्रत्येक रुग्णालयाकडून हार्ट अटॅकच्या रुग्णांची नोंद मागवा: पहिल्या दारात किती वाजता आला, ईसीजी किती वाजता, इंजेक्शन की फुगा आणि किती वाजता, दुसरीकडे पाठवला तर कुठे, आणि तिसाव्या दिवशी हयात की नाही. पाठवलेला पेशंट दोन्ही वह्यांत दिसला पाहिजे. तिसाव्या दिवशीची चौकशी जड नाही. दुसऱ्या रुग्णालयाने आमचे दोन मोबाइल नंबर घेतले होते आणि फॉलोअपचे मेसेज आजही नियमाने येतात.

मी पहिल्या रुग्णालयात जाऊन ६.१५ ते ७.४० चा तपशील मागितला. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, “काकू, ॲडमिशनच नाही ना झालं, म्हणून रेकॉर्ड नाही.” ती खरंच सांगत होती. त्या सकाळचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त ईसीजीची पट्टी आहे. ती थर्मल कागदावर असते. वर्ष उलटायच्या आत आमची अर्धी पुसट झाली. बँकेतल्या सवयीने मी पहिल्याच आठवड्यात झेरॉक्स काढली होती म्हणून ६.३२ हा आकडा वाचता येतो. ज्यांच्या घरी अशी पट्टी पडून असेल, त्यांनी आजच तिची झेरॉक्स काढावी.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
धायरी, पुणे