तीन नंबरच्या खिडकीतल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पेढे घेऊन आले तेव्हा "ही काय लाच आहे का?" म्हणालात आणि बॉक्स शिपाईमामांच्या हातात देऊन ऑफिसभर वाटायला लावलात, एवढं मला पुरेसं आहे. आपल्या कॉलेजात शिकलेल्यांना नाव सांगायची गरजही नाही. काचेच्या तड्यावर खाकी टेप लावलेली खिडकी आणि आत हाताने लिहिलेली पाटी: 'विचारण्याआधी नोटीस बोर्ड वाचावा. वाचला असल्यास पुन्हा वाचावा.'

तुम्ही निवृत्त झालात आणि इकडे ज्युनिअर मुलांचे मला फोन सुरू झाले. "ताई, इंटर्नशिपला जर्मनीला गेलीस त्याचे पैसे कुठून आणलेस? आणि तिचे क्रेडिट, म्हणजे मार्कलिस्टवरचे श्रेयांक, कसे मिळाले?" प्रत्येकाला सांगता सांगता दर वेळी तुमच्याच खिडकीपाशी येते. म्हणून एकदाच सगळं जाहीर लिहून टाकते.

पहिल्या दिवशी तुम्ही मला हाकललं होतंत, आठवतं का? ग्योटिंगेनच्या एका प्रयोगशाळेतून ईमेल आली होती. मुळांवर राहणाऱ्या बुरशीवर काम, मेच्या मध्यापासून दहा आठवडे. मी ती फोनवर तशीच दाखवली. "फोन आत घे. प्रिंट, विभागप्रमुखांची सही, मग ये." मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. सही घेऊन आले तर दुसरा प्रश्न: "हे फिरायला चाललीयेस की अभ्यासक्रमात बसतं?"

तोपर्यंत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. एका ज्येष्ठ सरांनी तर "जाऊन ये, क्रेडिटचं मग बघू" असं सांगितलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग बघू म्हणणारा नेमका त्या दिवशी रजेवर असतो." आधीच्या वर्षीच्या एका मुलाचं उदाहरण दिलंत. तो बाहेर छान काम करून आला, पण आधी कुठे काही नोंदच नव्हती. शेवटी तेवढ्याच क्रेडिटसाठी भोसरीच्या एका कारखान्यात पुन्हा तास भरले बिचाऱ्याने.

ज्युनिअर मंडळींनी पुढचं नीट वाचावं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात आपल्याला ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष काम करून शिकणं, असतं, 4 क्रेडिटचं. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 120 तास. दहा आठवडे, आठवड्याला 40 तास, असे माझे 400 भरत होते. मला वाटलं, मग 13 क्रेडिट तरी मिळतील! तिकडच्या मार्गदर्शक बाईंनीही युरोपच्या हिशोबाने प्रमाणपत्रावर तेवढेच लिहायची तयारी दाखवली होती. तुम्ही कॅल्क्युलेटर बाजूला सारलात. "त्यांनी 13 लिहू दे नाहीतर 30. आपल्या मार्कलिस्टला 4 ची जागा आहे, 4 च येणार. बाकीचे 280 तास तुझे तुला." वर हेही समजावलंत की 2021 पासून आलेल्या त्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे आपले क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी डिजिटल खात्यात, परदेशातली प्रयोगशाळा परस्पर काही जमा करू शकत नाही. तिथे नोंद होते ती आपल्याकडच्या संस्थेकडून. म्हणजे काम तिकडे करा, पण ते मोजायचं कुणी आणि कसं, हे इथेच आधी ठरलं पाहिजे.

आणि मग ते पत्र. इंग्रजीत तीन वाक्यं: ही आमची विद्यार्थिनी, ही इंटर्नशिप तिच्या अभ्यासक्रमातल्या 4 क्रेडिटच्या ट्रेनिंगचा भाग आहे, तिसऱ्या सेमिस्टरला ती अमुक तारखेला परत हजर होईल. प्राचार्यांची सही होऊन आलं तेव्हा मी ते ओढूनच घेतलं. तुम्ही परत मागून जावक रजिस्टरमध्ये चढवलंत. "जावक क्रमांक नसला तर हे पत्र नाही, वहीचं पान आहे."

ते पत्र हातात येईपर्यंत पैशाचं गाडं कसं रुतलं होतं, हे तुम्हाला पूर्ण माहीत नाही. कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक आणि जर्मनीच्या डाडची वाइझ या दोन्ही इंटर्नशिप शिष्यवृत्त्यांची नावं सगळे घेतात, पण त्या पदवीच्या मुलांसाठी. वाइझची मुदतही दिवाळीच्या आसपासच संपते. आपली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदवीला जाणाऱ्यांसाठी. 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती उच्चशिक्षणासाठी. दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला यात जागा नाही. बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेले, तर साहेबांनी ॲडमिशन लेटर मागितलं. ॲडमिशन नाहीये, इंटर्नशिप आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नाच्या आहेराला कर्ज मागतेय.

प्रयोगशाळा महिन्याला 500 युरो देणार होती. ते खोलीभाडं आणि जेवणात संपणार हे दिसतच होतं. तिकीट, व्हिसा (शेंगेनची फी 2024 च्या जूनमध्ये 80 ची 90 युरो झाली), किमान 30,000 युरोंचा विमा आणि हाताशी थोडी गंगाजळी, असे 1 लाख 30 हजार इथूनच उभे करायचे होते. पेठेतल्या एका जुन्या ट्रस्टने आधी नाहीच म्हटलं होतं, "आम्ही सहलींना देत नाही." तुमचं पत्र घेऊन पुन्हा गेले. तिथल्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, 'भाग आहे' या शब्दांवर बोट ठेवलं आणि 40 हजार मंजूर केले. बाबांच्या पतपेढीने 50 हजार दिले, तिथल्या फाइललाही त्याच पत्राची झेरॉक्स आहे. आईच्या दोन बांगड्या सोनेतारणात गेल्या, 25 हजार. उरलेले 15 माझ्या शिकवण्यांचे. पगारी इंटर्नशिपला जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेची संमती लागते, आणि काम विषयाशी संबंधित आहे हे तिला कॉलेजच्या कागदावर दिसावं लागतं. तिथेही तेच. व्हिसाच्या फाइललाही तेच, कारण मुलगी परत येणार, ही खात्री त्यांना दुसऱ्या कशातून मिळायची?

मी क्रेडिट आणि पैसे ही दोन वेगळी दुखणी समजत होते. तुमच्या खिडकीशी कळलं की गाठ एकच आहे, आणि ती क्रेडिटच्या बाजूने सोडवायची असते.

आता वहीबद्दल. निघायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही एक लाँगबुक पुढे सरकवलंत. निळ्या पेनाने रकाने आखलेले: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं, सही. मी म्हटलं, "मॅडम, तिकडे सगळं कम्प्युटरवर असतं." तुम्ही नुसतं बघितलंत. पहिल्या दिवशी ती वही टेबलावर ठेवताना मला खरंच लाज वाटली. मार्गदर्शक बाईंनी उलटसुलट करून पाहिली, हसल्या, सही केली. दुसऱ्या आठवड्यापासून मी विसरले तर त्याच विचारायच्या, "बुक?" दिवसभर मुळं निळ्या रंगात रंगवायची, काचपट्टीवर आडवी मांडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक छेदावर बुरशी आहे की नाही ते मोजायचं. रकान्यात रोज तेच: 'मुळं मोजली.' एक दिवस कंटाळून 'पुन्हा मुळं मोजली' लिहिलं. त्यावरही सही आहे.

शिक्क्याची मात्र मला धास्ती होती. तुम्ही बजावलं होतंत, "गोल असो, चौकोनी असो, वाचता आला पाहिजे." तिथल्या सेक्रेटरीबाईंकडे बिचकत विचारलं, तर त्यांनी ड्रॉवर उघडून तीन शिक्के काढले आणि कोणता हवा ते विचारलं. म्हटलं, या तर आपल्या तीन नंबरच्याच निघाल्या.

सगळ्यात मोठं संकट तुम्ही मी निघायच्या आधीच हेरलं होतंत. गुण भरायचं पोर्टल जूनमध्ये बंद होणार आणि मी जुलैअखेर परतणार. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. तुम्ही कॅलेंडरवर बोट फिरवलंत: आठवड्याला 40, म्हणजे तीन आठवड्यांत 120. तेवढ्यावर मधलं प्रमाणपत्र घ्यायचं, वहीची पानं स्कॅन करून पाठवायची आणि तोंडी परीक्षा झूमवर. आपले दुपारचे बारा, तिकडचे सकाळचे साडेआठ. मी प्रयोगशाळेच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या घरघरीत, बाह्य परीक्षकांना बुरशीचे धागे दाखवत होते. मागे खिडकीशी कोणीतरी पाव भाजत होतं. चार दिवसांनी तुमचा मेसेज आला: 'गुण भरले. जेवत जा.'

हा मेसेज मी आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, या कोण गं?

मॅडम, मी ठरवून आभार मानायला आले तेव्हा तुमच्या जागी नवीन सर बसले होते. पाटी काढलेली होती, टेप तशीच होती. बांगड्या गेल्या महिन्यात सोडवल्या, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि एक चूक कबूल करते. वही परत आणून दे, पुढच्याला दाखवायला लागेल, असं तुम्ही सांगितलं होतंत. ती अजून माझ्याकडेच आहे. नव्या सरांना दोन संच झेरॉक्स करून दिलेत, पण मूळ वही तुमच्या हातात द्यायचीय. शिपाईमामांकडून पत्ता घेतलाय. रविवारी सकाळी दहाला येते. पेढे आणत नाही.

आपली,
रोल नंबर 27,
जी प्रिंट न काढता आली होती