निर्यातीची इंग्रजी: ‘करण्यात यावे’ची सवय सोडायला हवी

महोदय,

सांगलीचा बेदाणा, हळद आणि इथल्या कारखान्यांतले पंप परदेशी जातात. सोबतची माहितीपत्रके आणि ईमेल वाचणारा माणूस बहुधा इंग्रज नसतोच. इराण-मोरोक्कोतला हळदीचा खरेदीदार आपल्यासारखाच इंग्रजी शिकून आलेला असतो. अशा वेळी भारदस्त इंग्रजी दोघांनाही गोत्यात आणते.

सोप्या इंग्रजीचा प्रयोग जुना आहे. ब्रिटिश भाषाअभ्यासक चार्ल्स ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली, त्यात क्रियापदे फक्त १८. पण ‘टॉलरेट’ (सहन करणे) वगळले की ‘पुट अप विथ’ म्हणावे लागते. तिन्ही शब्द सोपे, अर्थ मात्र तिघांतही सापडत नाही! शब्द कापण्यापेक्षा एका शब्दाला एकच अर्थ बांधून देणे जास्त उपयोगी, हे विमान उद्योगाने ओळखले. १९८६ साली आलेल्या त्यांच्या नियमावलीतूनच आजची ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ घडली. तिच्यात ‘बिगिन’, ‘कमेन्स’, ‘इनिशिएट’ यांच्या जागी फक्त ‘स्टार्ट’. ‘क्लोज’ म्हणजे बंद करणे; ‘जवळ’ या अर्थाने तो शब्द चालत नाही. कृती सांगणारे वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचे, वर्णनाचे २५. अट आधी, कृती नंतर.

आपल्याकडे घोळ होतो तो सरकारी मराठीमुळे. ‘व्हॉल्व्ह बंद करण्यात यावा’ हे डोक्यात असते, म्हणून कागदावर ‘शुड बी क्लोज्ड’ उतरते. ही आज्ञा की सल्ला? आणि बंद करायचा कोणी? ‘क्लोज द व्हॉल्व्ह’ लिहिले की प्रश्न मिटतो.

पंपाच्या पत्रकात हमखास दिसणारे वाक्य घ्या: ‘इफ लीकेज इज ऑब्झर्व्हड, ग्लँड नट्स शुड बी सुटेबली टाइटन्ड.’ म्हणजे गळती दिसल्यास ग्लँडचे नट योग्य प्रमाणात आवळावेत. (फिरत्या शाफ्टभोवतीचे पॅकिंग दाबून धरणारा भाग म्हणजे ग्लँड.) यातला ‘सुटेबली’ घातक आहे. दोरीचे पॅकिंग असलेल्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडायलाच हवे. त्यानेच पॅकिंग थंड राहते. गळती दिसली म्हणून वाचणाऱ्याने नट करकचून आवळले, तर पॅकिंग जळते आणि शाफ्टची स्लीव्ह झिजते. म्हणून लिहावे असे: पंप चालू ठेवा. एका मिनिटातले थेंब मोजा. थेंबांऐवजी धार लागली असेल, तर दोन्ही नट सारखेच, एक-षष्ठांश फेरा आवळा. दहा मिनिटे थांबा. पुन्हा मोजा. मिनिटाला किती थेंब चालतील, तो आकडा कारखान्याने स्वतः छापावा. पाच-सहा छोटी वाक्ये झाली, जागा थोडी जास्त गेली, इतकेच.

ईमेलमध्ये ‘डू द नीडफुल’ नको. नेमके काय हवे आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहावे. ‘उत्तर द्या’ म्हणून आपण लिहितो त्या ‘रिव्हर्ट’चा रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे, त्यामुळे ‘रिप्लाय’ बरा. लाख-कोटी परदेशात कळत नाहीत आणि १,५०,००० मधला स्वल्पविरामही गोंधळात टाकतो. ०५/०४ म्हणजे आपल्याकडे पाच एप्रिल, अमेरिकेत चार मे. महिना अक्षरी लिहावा. बेदाण्याचे तर नावच बदलते. डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षे बुडवून सुकवलेल्या थॉम्पसन जातीच्या बेदाण्याला ब्रिटनमध्ये ‘सुलताना’ म्हणतात, अमेरिकेत ‘रेझिन’. दरपत्रकात जात, रंग आणि प्रक्रिया तिन्ही द्यावीत. हळकुंडाला ‘फिंगर’ आणि गड्ड्याला ‘बल्ब’ हे शब्द एकदा ठरवले की शेवटच्या कागदापर्यंत तेच राहावेत.

पत्रक जमले की नाही, हे तपासायला भाषातज्ज्ञ लागत नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाच्या हाती ते द्यावे, त्याला पंपासमोर उभे करावे आणि आपण गप्प बसावे. तो जिथे अडेल, ते वाक्य पुन्हा लिहावे. जिल्ह्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये इंग्रजीच्या तासाला निबंधाऐवजी महिन्यातून एकदा हेच करून घेता येईल. पंप त्यांच्या वर्कशॉपमध्ये बहुधा असतोच.

– निर्यातीची कागदपत्रे तयार करणारे काही जण, कुपवाड, सांगली
(नावे संपादकांकडे)