ग्वालियाच्या घरोघरच्या आठवणी जपण्यासाठी आवाहन

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुवर्णक्षेत्रात, पर्थपासून सुमारे ८३० किलोमीटरवर, लिओनोरा गावाच्या शेजारी ग्वालिया ही खाणकामगारांची जुनी वस्ती आहे. येथे १८९६ साली सोने सापडले आणि १८९८ मध्ये, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर ऐन तेविशीत खाणीचे व्यवस्थापक म्हणून आले. हूवर यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, किंबहुना गरजेपेक्षा थोडे जास्तच. मात्र याच खाणीत उतरणाऱ्या इटालियन आणि स्लाव्ह कामगारांच्या संसाराची नोंद फारशी कुठे नाही. ती करण्याचे काम आमच्या स्थानिक इतिहास समितीने हाती घेतले आहे.

१९६३ चा नाताळ उलटताच खाण बंद झाली आणि सुमारे बाराशे लोकांची वस्ती अवघ्या काही आठवड्यांत ओस पडली. पत्रा आणि गोणपाट यांची घरे मागे राहिली, त्यांतली काही आजही उभी आहेत. त्या वेळी शाळेत जाणारी मुले आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कोणते घर कोणाचे, एकट्या कामगारांना खानावळीत जेवू कोण घालत असे, गावाकडे पत्रे कोण लिहून देत असे, हे सांगू शकणारे आता तेवढेच उरले आहेत.

या भागातील खाणींत आज नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना आमची विनंती आहे की, आपल्या ओळखीत, शेजारात किंवा कामाच्या ठिकाणी असे कोणी जुने रहिवासी असतील, तर त्यांची आमच्याशी गाठ घालून द्यावी. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करणे आणि छायाचित्रे स्कॅन करणे यासाठी स्वयंसेवकही हवे आहेत. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे पुसट होत चालली आहेत. त्यांवर कृपया पेनने गिरवू नये, फोटो आहे तसाच आणावा. स्कॅन होताच मूळ प्रत परत केली जाईल. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी (ॲबोरिजिनल) कुटुंबांच्या आठवणी मात्र त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय नोंदवल्या जाणार नाहीत.

महाराष्ट्रातील अभ्यासकांकडे एक वेगळे मागणे आहे. रेल्वे पोहोचण्यापूर्वी या सुवर्णक्षेत्रात पाणी आणि रसद उंटांवरून येत असे. उंटवाल्यांना येथे सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, तरी त्यांतले अनेक बलुचिस्तान, पंजाब आणि सिंधमधले होते. उंटांची जहाजे बहुधा कराचीहून सुटत, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होते. म्हणून मुंबईच्या पुराभिलेखागारात काम करणाऱ्यांनी इलाख्याच्या दप्तरात उंटांच्या किंवा उंटवाल्यांच्या रवानगीचे कागद आढळल्यास आम्हाला अवश्य कळवावे.

आर्थिक मदत मुख्यतः आम्लरहित कागदाच्या पेट्या, ध्वनिमुद्रक आणि वयोवृद्धांच्या प्रवासखर्चासाठी वापरली जाईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि वर्षअखेरीस हिशेब सर्व देणगीदारांना पाठवला जाईल.