एअरपोर्टची नोकरी एजंटाकडं मिळत नाही

संपादक साहेब,

माझ्या भाच्याला एकानं एअरपोर्ट सिक्युरिटीत लावतो म्हणून चाळीस हजार घेतले आणि जॉइनिंग लेटर दिलं, शिक्क्यावर बोट फिरवलं तर शाई बोटाला लागली. तवापासून पोरगं धड जेवत नाही, म्हणून लिहितोय.

विमानतळावर सीआयएसएफचे, म्हणजे केंद्राच्या औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात ना, त्यांच्यातली कॉन्स्टेबल भरती एसएससी जीडी (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची जनरल ड्यूटी) परीक्षेतून होते, दहावी पास लागतं, फॉर्मची फी १०० रुपये, मुलींना तीपण नाही आणि २०२४ पासून पेपर मराठीतनं देता येतो, हे गावाकडच्या कितीतरी पोरांना माहीतच नाही! पळायचं म्हणाल तर मुलांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर, मुलींना साडेआठ मिनिटांत १.६. रेल्वेत आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल आहे, तिथंपण दहावीवर कॉन्स्टेबल होता येतं.

राजाराम तलावाकडं पहाटे पाचला पोरंपोरी जीव तोडून पळत्यात, विचारलं तर सगळ्यांच्या तोंडी फक्त पोलिस भरती. जिल्हा प्रशासनानं तालुक्याच्या गावी या भरत्यांची माहिती देणारं एक टेबल तरी टाकावं, आणि फॉर्म निघाला की तुमच्या पेपरात पहिल्या पानावर छापा, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, उचगाव, कोल्हापूर