लेन्सला दोष देण्याआधी

महोदय,

कॅमेऱ्यांच्या परीक्षणांत छायाचित्राचा एखादा कोपरा शंभर टक्के मोठा करून (म्हणजे छायाचित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर) दाखवतात आणि तेवढ्यावरून लेन्सचा निकाल लावतात. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. इंचाला ९६ पिक्सेल दाखवणाऱ्या पडद्यावर ते असे पाहणे म्हणजे पाच फुटांहून रुंद चित्र हातभर अंतरावरून न्याहाळणे. इंचाला ३०० पिक्सेल धरून छापले, तर तेच चित्र २० इंच रुंद होते. वृत्तपत्रात आठ इंच रुंदीला १६०० पिक्सेल पुरतात. कोपऱ्यातला तो दोष या आकारात शोधूनही सापडणार नाही.

चित्र खरेच धूसर असेल, तर आधी त्यातला दिव्याचा ठिपका किंवा बारीक चकाकी मोठी करून पाहा. सगळे ठिपके एकाच दिशेला ओढलेले असतील, तर कॅमेरा हलला. हात ओढलेला पण मागची भिंत स्वच्छ, म्हणजे शटरचा वेग कमी पडला. डोळे पुसट आणि कान नेमके, तर फोकस चुकला. ५० मिमी लेन्स हातात धरून शटर १/५० सेकंद उघडे ठेवण्याचा जुना ठोकताळा आजच्या सेन्सरना (चित्र टिपणाऱ्या चिपना) अपुरा आहे. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, नसेल तर १/१०० तरी ठेवावा.

लेन्सचीच परीक्षा घ्यायची, तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्टॅबिलायझेशन बंद करा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवा. हवा तापण्याआधी, सकाळीच, काही शे मीटरवरचा मनोरा निवडा. तो चौकटीच्या मध्यभागी घेऊन लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य) मोठा करून हाताने फोकस करा. मग फोकसला हात न लावता तोच मनोरा पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून टिपा. आधी सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला), नंतर एफ/८ ला; एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील, तर तो त्या लेन्सच्या रचनेचा स्वभाव आहे. कोपऱ्यात फोकस केल्यावर तो स्वच्छ झाला, तर फोकसचे प्रतल, म्हणजे जिथे चित्र नेमके येते तो पृष्ठभाग, वक्र आहे, एवढेच. पण एकच कोपरा उरलेल्या तिघांपेक्षा स्पष्टपणे वाईट असेल, तर आतले एखादे भिंग सरकलेले किंवा तिरपे बसलेले आहे. अशी लेन्स जरूर बदलून घ्यावी. माझ्या मते, नव्या लेन्समध्ये पैसे परत मागण्याजोगा खरा दोष हाच.

बाकीचे दोष फारसे मनावर घेऊ नयेत. कडांचा अंधार, सरळ रेषांचा बाक, कोपऱ्यांतल्या रंगीत कडा हे सगळे सॉफ्टवेअरने काही क्षणांत सुधारता येते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचा धूसरपणा छिद्र एक-दोन स्टॉप (टप्पे) लहान केल्यावर बराच निवळतो. मात्र एफ/१६ च्या पुढे जाऊ नये. तिथे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) प्रकाशाच्या बिंदूची चकती सुमारे २१ मायक्रॉनची होते, आणि फुल फ्रेमच्या (३६ बाय २४ मिमीच्या) २४ मेगापिक्सेल सेन्सरवर पिक्सेल असतो जेमतेम ६ मायक्रॉनचा. पुढच्या काचेवरची धूळ चित्रात दिसत नाही. दिसतात ते डाग बहुधा सेन्सरवरचे असतात. आतल्या बुरशीकडे मात्र दुर्लक्ष नको. ती वाढत गेली की चित्राचा कॉन्ट्रास्ट मरतो आणि काचेवरचा लेपही खराब होतो.

म्हणून विनंती अशी, की आपल्या पुरवणीत लेन्सचे परीक्षण छापताना कोपऱ्याच्या तुकड्याशेजारी पूर्ण छायाचित्रही छापावे, तुकडा किती पट मोठा केला आहे ते लिहावे आणि अ‍ॅपर्चर व शटरचा वेग द्यावा.

आपला,
एक वाचक